तूर आणि डाळ : माल एक की दोन? प्रक्रिया कधी 'निर्मिती' ठरते आणि कर कुठं लागतो

अकोला/अमरावती : अकोल्याच्या एमआयडीसीत दाल मिलच्या एका दारातून तूर आत जाते, दुसऱ्या दारातून डाळ बाहेर येते. अकोट, दर्यापूरकडच्या जिनिंगमध्ये कापूस जातो अन् रुई वेगळी, सरकी वेगळी होऊन निघते. वरुड-मोर्शीत संत्रा धुतला जातो, मेण लावून चमकवला जातो, पेटीत भरून परराज्यात रवाना होतो. तिन्ही ठिकाणी मशीन आहे, मजूर आहे, विजेचं बिल आहे. पण कायद्याच्या नजरेत तिन्ही कामं सारखी नाहीत. कुठं म्हणतात नवी वस्तू तयार झाली, कुठं म्हणतात जुनीच वस्तू साफसूफ करून दिली. या एका फरकावर आजवर किती खटले सुप्रीम कोर्टापर्यंत गेले याची गणती नाही.

हे आज सांगायचं कारण असं की गावोगावी बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि एकेकटे शेतकरीसुद्धा छोटी दाल मिल, तेलघाणी, हळद-मिरची दळायची चक्की टाकू लागले आहेत. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं तयार केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल आपल्या भागात बऱ्याच ठिकाणी चालते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं म्हणून लोक पुढं येतात. मशीन बसते, माल निघतो, आणि मग कोणीतरी विचारतं, "भाऊ, तुम्ही शेतकरी का कारखानदार?" तेव्हा उत्तर सापडत नाही.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. कायद्यात ज्याला 'मॅन्युफॅक्चर' म्हणतात त्याला सरकारी मराठीत उत्पादन म्हणतात. आपल्यासाठी उत्पादन म्हणजे एकरी किती पोते झाले ते. म्हणून या लेखात मॅन्युफॅक्चरला 'निर्मिती' म्हणतो. आणि 'एक्साइज' म्हटलं की गावात दारू पकडणारे आठवतात, ते राज्य उत्पादन शुल्क खातं. ते वेगळं. इथं विषय केंद्रीय उत्पादन शुल्काचा आहे, म्हणजे देशात तयार झालेल्या वस्तूवर कारखान्याच्या दारात लागणारा कर.

सत्तर वर्षं चाललेला प्रश्न

केंद्रीय उत्पादन शुल्काचा कायदा १९४४ चा. त्याचं मूळ सूत्र सोपं होतं : भारतात निर्माण झालेल्या, आणि सरकारच्या यादीत नाव असलेल्या वस्तूवर शुल्क. म्हणजे दोन अटी. वस्तू निर्माण झाली पाहिजे, आणि ती यादीत पाहिजे. पण निर्माण होणं म्हणजे काय, हे कायद्यानं नीट सांगितलंच नाही. व्याख्येत एवढंच होतं की तयार वस्तू पूर्ण करायला लागणारी आनुषंगिक प्रक्रियासुद्धा निर्मितीत धरावी. बाकी सगळं कोर्टावर सोडलं.

त्याआधीही आपल्या कापसानं हा कर पाहिलेला आहे. १८९६ मध्ये इंग्रजांनी देशी गिरण्यांत विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के शुल्क लावलं, कारण लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना देशी गिरण्यांची स्पर्धा नको होती. वऱ्हाडातल्या जिन-प्रेसवर ते शुल्क नव्हतं, हातमागावरही नव्हतं. ते गिरणीच्या कापडावर होतं. म्हणजे त्या काळातही सरकारला ठरवावं लागलंच होतं की पराटीपासून कापडापर्यंतच्या वाटेवर कर नेमका कुठं बसवायचा. डिसेंबर १९२५ मध्ये ते शुल्क थांबवलं आणि पुढच्या वर्षी रद्द झालं.

स्वतंत्र भारतात या विषयाचा पाया घातला तो १९६२ च्या दिल्ली क्लॉथ अँड जनरल मिल्सच्या निकालानं. हा खटला समजून घेतला की बाकीचे आपोआप समजतात. ही कंपनी बाजारातून भुईमुगाचं आणि तिळाचं कच्चं तेल घ्यायची आणि त्याचं वनस्पती तूप करायची. तुपावर शुल्क होतं, ते कंपनी भरत होती. खात्याचं म्हणणं असं की कच्च्या तेलाचं तूप होताना मध्ये एक पायरी येते. तेलातला आम्लपणा काढतात, रंग काढतात. त्या पायरीवर 'रिफाइंड तेल' तयार होतं, मग त्याचंही वेगळं शुल्क द्या.

पाच न्यायाधीशांच्या पीठानं ते मान्य केलं नाही. बाजारात रिफाइंड तेल म्हणून जे विकलं जातं त्याचा वासही काढलेला असतो. कंपनीच्या टाकीत मधल्या पायरीवर जे होतं त्याचा वास काढलेला नव्हता. कोणी व्यापारी त्याला रिफाइंड तेल म्हणून घेणार नाही. म्हणून तिथं नवी वस्तू जन्मलीच नाही. प्रत्येक निर्मितीत बदल असतो, पण प्रत्येक बदल म्हणजे निर्मिती नव्हे, असं कोर्टानं एका जुन्या अमेरिकन खटल्याचा आधार घेऊन सांगितलं. तो खटला बिअरच्या बाटल्यांच्या बुचांचा होता. बुचं धुतली, वाळवली, त्यांच्यावर लेप दिला, तरी शेवटी बूच ते बूचच.

तेव्हापासून तीन शब्दांची कसोटी पडली : नाव, गुण आणि उपयोग. प्रक्रियेनंतर वस्तूला बाजारात वेगळं नाव मिळालं का, तिचा गुणधर्म बदलला का, ती वेगळ्या कामाला येते का. मेहनत किती लागली, मशीन किती लाखांची, वीज किती जळाली, हे या कसोटीत कुठंच नाही. गावात लोक नेमकं इथंच चुकतात. "एवढी मोठी मशीन लावली म्हणजे कारखाना झाला" असं होत नाही. आणि "मी तर फक्त दळून देतो" म्हणून सुटकाही होत नाही.

अननस, खडी, सुपारी

१९८० मध्ये केरळच्या पायो फूड पॅकर्सचा निकाल आला. अननस धुवायचा, साल आणि खाता न येणारा भाग काढायचा, चकत्या करायच्या, साखर घालून डब्यात भरायच्या, उष्णता देऊन डबा टिकाऊ करायचा. विक्रीकर खातं म्हणालं, ही नवी वस्तू. सुप्रीम कोर्ट म्हणालं, नाही, डब्यातला अननस हा अननसच. हा निकाल आपल्या संत्रावाल्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. धुतलेला, मेण लावलेला, प्रतवारी केलेला संत्रा तर त्याहून कितीतरी जास्त संत्रा आहे. मात्र त्याच संत्र्याचा रस काढून बाटलीत भरला तर नावही बदलतं, रूपही बदलतं, तिथं हा निकाल हातात धरून बसता येणार नाही.

आपल्या राज्यातला एक निकाल गिट्टी खदानवाल्यांना माहीत असेल. महाराष्ट्र शासन विरुद्ध महालक्ष्मी स्टोअर्स, २००२. मोठा दगड फोडून बारीक खडी केली, तर सुप्रीम कोर्टानं म्हटलं की ही निर्मिती नाही. दगड मोठा होता, आता लहान झाला, एवढंच. खदानीजवळ राहणाऱ्यांना पटणार नाही कारण धूळ आणि आवाज पाहिला तर कारखानाच वाटतो, पण कसोटी धुळीची नाही.

२००७ मध्ये क्रेन बीटल नट पावडर वर्क्सचा निकाल लागला. सुपारी कातरून बारीक तुकडे केले, गोडवा आणि सुगंध लावला, तरी सुपारी ती सुपारीच, निर्मिती नाही, असं कोर्ट म्हणालं. यानंतर जे झालं ते जास्त महत्त्वाचं. २००९ मध्ये सरकारनं शुल्काच्या यादीतच टीप घातली की सुपारीत वेलची, खोबरं, मेन्थॉल, मसाला वगैरे मिसळणं म्हणजे निर्मिती समजावी. खटला हरले तर कायदा बदलायचा, हा रस्ता सरकारला नेहमीच मोकळा होता. (खर्ऱ्याचं विचारू नका, तो विषय आपल्या राज्यात बंदीत जातो.)

यालाच 'मानीव निर्मिती' म्हणतात. खरी निर्मिती झालेली नाही, पण कायदा म्हणतो की झाली असं माना. पुढं कायद्याला तिसरी अनुसूचीही जोडली गेली. त्यातल्या वस्तू नुसत्या पुन्हा पॅक केल्या, लेबल लावलं किंवा एमआरपी बदलली तरी निर्मिती धरली जायची. म्हणजे कोर्टाची कसोटी एकीकडं, आणि कायद्यानं जबरदस्तीनं आत ओढलेल्या वस्तू दुसरीकडं. कोणताही माल तपासताना दोन्ही पाहावं लागायचं.

आणखी एक गोष्ट. वस्तू नवी झाली तरी ती विकाऊ पाहिजे. भोर इंडस्ट्रीजच्या १९८९ च्या निकालात कारखान्यातच मधल्या पायरीवर प्लॅस्टिकचा कच्चा पातळ पापुद्रा तयार व्हायचा आणि तिथंच पुढच्या कामात वापरला जायचा. तो बाजारात विकण्यासारखा माल आहे हे खात्यानं दाखवून दिलं पाहिजे, नाहीतर शुल्क नाही, असं ठरलं. २०१५ मध्ये मुंबईच्या सर्वो-मेड इंडस्ट्रीजच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे सगळे जुने निकाल एकत्र मांडून चार कप्पे केले. वस्तू जशीच्या तशी राहिली, तर निर्मिती नाही. थोडी बदलली पण मुळात तीच राहिली, तरी नाही. पूर्ण बदलली पण विकाऊ नाही, तरी नाही. पूर्ण बदलली आणि विकाऊही आहे, तेव्हाच निर्मिती. तो खटला इंजेक्शनच्या सिरिंज आणि सुयांचा होता. त्या निर्जंतुक केल्या तरी सिरिंज सिरिंजच राहते, असं ठरलं.

आता आपली कपाशी

क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. कापूस आणि रुई एक की दोन? विक्रीकराच्या काळात केंद्रीय विक्रीकर कायदा, १९५६ यानं कापसाची नोंद करताना स्पष्ट लिहिलं होतं की सरकी काढलेला असो वा नसो, गाठी बांधलेला असो वा सुटा, तो सगळा 'निर्मिती न झालेला' कापूस. म्हणजे रुई आणि कापूस एकच माल.

पण सरकी? १९६९ मध्ये पंजाबच्या चंदूलाल किशोरीलाल या व्यापाऱ्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जिनिंग ही निर्मितीची प्रक्रिया आहे आणि सरकी ही कापसापेक्षा वेगळी वस्तू आहे. व्यापाऱ्यानं कापूस विकत घेतला, सरकी विकली, आणि त्या विक्रीची वजावट कापसाच्या खरेदीतून मागितली. ती मिळाली नाही, कारण घेतलेला माल वेगळा आणि विकलेला वेगळा.

म्हणजे एकाच जिनिंगच्या एकाच रोलरवर एका बाजूनं जुनाच माल पडतो आणि दुसऱ्या बाजूनं नवा. हसू येईल, पण कायद्यात असंच आहे. केंद्रीय उत्पादन शुल्काचा दर मात्र रुईवर शून्य होता, म्हणून जिनवाल्यांना त्या खात्याची कधी फार भीती नव्हती. खरा कर पुढं सुतावर, कापडावर बसायचा.

तूर : तीन कायदे, दोन उत्तरं

आता डाळ, कारण अकोला म्हटलं की डाळ. तूर साफ होते, चाळली जाते, रोलरवर तिच्या सालाला ओरखडे पाडतात, तेल लावतात, वाळवतात, पाणी देतात, मग साल निघतं आणि दाणा दुभंगतो. क्विंटलमागं साधारण ७० ते ७५ किलो डाळ, बाकी चुनी आणि भुसा ढोरांना. नाव बदललं : तूर होती, डाळ झाली. रूप बदललं. उपयोगही बदलला, तूर पेरता येते, डाळ पेरून उगवत नाही. तीन शब्दांची कसोटी लावली तर दोन वेगळ्या वस्तू म्हणायला जागा आहे. धान आणि तांदूळ हे वेगळे आहेत असं सुप्रीम कोर्टानं १९७३ मध्ये हरियाणाच्या गणेश ट्रेडिंगच्या खटल्यात सांगितलंच होतं.

पण डाळीबाबत संसदेनं वेगळा विचार केला. केंद्रीय विक्रीकर कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनं लिहिलं गेलं की हरभरा, तूर, मूग, मसूर, उडीद वगैरे कडधान्यं अख्खी असोत वा दुभंगलेली, सालासकट असोत वा सालाविना, कर लावताना एकच वस्तू समजावी. हे चांगलं केलं. नाहीतर तुरीवर एकदा आणि डाळीवर पुन्हा, असा दुहेरी कर ग्राहकाच्या भाजीपर्यंत आला असता.

आजच्या जीएसटीतला एचएसएन कोडही तेच सांगतो. ०७१३ या शीर्षकात वाळलेली कडधान्यं 'सोललेली वा दुभंगलेली असोत वा नसोत' एकत्र आहेत. तूर तिथंच, तूरडाळ तिथंच. बेसन केलं की मात्र ११०६ मध्ये जातं. आता कोड एकच असला म्हणून निर्मिती झालीच नाही असं नाही, कोर्ट म्हणतं कोड हा फक्त एक धागा आहे.

आणि मग तिसरं उत्तर. १५ नोव्हेंबर २०१७ ला केंद्रानं जीएसटीबाबत एक परिपत्रक काढलं. प्रश्न होता की गोदामात ठेवलेला कोणता माल 'शेतमाल' धरायचा, कारण शेतमालाच्या साठवणुकीला करमाफी होती. परिपत्रकानं सांगितलं : अख्खा हरभरा, राजमा वगैरे शेतमाल आहे. साल काढलेली वा दुभंगलेली डाळ शेतमाल नाही. गूळ नाही. प्रक्रिया केलेले मसाले नाहीत. कारण असं दिलं की डाळ करण्याचं काम शेतकरी सहसा शेतात करत नाही, ते दाल मिलवाला करतो. (साठवणुकीच्या सेवेपुरतं म्हणाल तर २०१९ मध्ये कडधान्यांना वेगळी माफी मिळाली, पण शेतमाल कशाला म्हणायचं ही व्याख्या तीच राहिली.)

इथं थांबून स्वतःचं मत सांगतो. आमच्या आजीच्या पिढीत वऱ्हाडातल्या घराघरात जात्यावर डाळ व्हायची. तुरीला पाणी-तेल लावून उन्हात टाकायची, जात्यावर भरडायची, सुपानं पाखडायची. वर्षाची डाळ घरचीच. त्या बाया शेतकरीच होत्या. तेव्हा "शेतकरी डाळ करत नाही" हे वाक्य आपल्या भागापुरतं तरी अर्धवट आहे. पण कायद्यात शब्द आहे 'सहसा', आणि 'प्राथमिक बाजारात विकण्यासाठी'. कृषी उत्पन्न बाजार समितीत आपण तूर नेतो, डाळ नेत नाही. तुम्ही स्वतः घरी मशीन लावून डाळ करता म्हणून नियम बदलत नाही, बहुतेक शेतकरी काय करतात ते पाहिलं जातं. गावोगावी मिनी दाल मिल झाल्यावर 'सहसा' या शब्दाचा अर्थ बदलेल का? बदलायला पाहिजे असं माझं मत आहे. पण आज तो बदललेला नाही, आणि व्यवहार आजच्या कायद्यानं करावा लागतो.

म्हणून कोणी विचारलं की "तूर आणि डाळ एक की दोन", तर उलट विचारायचं, "कोणत्या कायद्यासाठी?" कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये तर नुसतं साफ करणं, धुणं, पॅक करणं हेसुद्धा निर्मिती प्रक्रियेत यायचं, कारण तो कायदा कामगारांच्या सुरक्षेसाठी होता. त्यामुळं एखादं प्रतवारी केंद्र कामगार कायद्यानं कारखाना आणि कर कायद्यानं नुसतं साफसफाई केंद्र, असं होऊ शकतं. एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यात दाखवून काम होत नाही.

एक्साइज गेलं, मग आता काय

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि केंद्रीय उत्पादन शुल्क बहुतेक मालावरून उठलं. आता ते मुख्यतः पेट्रोल-डिझेलसारख्या इंधनावर आणि तंबाखूच्या मालावर उरलं आहे. जीएसटी वस्तू तयार झाल्यावर लागत नाही, ती विकली-पुरवली गेली की लागतो. तेव्हा बरेच जण म्हणतात, निर्मितीचा वाद संपला.

संपला नाही. जीएसटी कायद्यानं कोर्टाचीच कसोटी उचलून व्याख्येत घातली : कच्च्या मालावर अशी प्रक्रिया की जिच्यातून वेगळं नाव, गुण आणि उपयोग असलेली नवी वस्तू निघते. आणि ही व्याख्या लहान माणसाला सर्वात जास्त लागते ती कंपोझिशन योजनेत. दीड कोटीपर्यंत वार्षिक उलाढाल असलेले बरेच छोटे धंदेवाले ही योजना घेतात. दर एक टक्का, व्यापाऱ्यालाही आणि निर्मात्यालाही. दर सारखा म्हणून कोणी खोलात जात नाही. पण व्यापारी तो टक्का फक्त करपात्र मालाच्या विक्रीवर भरतो, आणि निर्माता राज्यातल्या सगळ्या उलाढालीवर, करमाफ मालासकट.

हिशेब करून पाहू. समजा एक सरकीची तेल मिल आहे. वर्षाला ४० लाखांचं तेल विकलं आणि ६० लाखांची ढेप. सरकीच्या ढेपेवर जीएसटी माफ आहे, सप्टेंबर २०१७ पासून. हाच माल एखाद्या व्यापाऱ्यानं बाहेरून घेऊन विकला असता तर कर फक्त तेलावर, ४० हजार. मिलवाला निर्माता आहे म्हणून त्याला एक कोटीवर, म्हणजे एक लाख. साठ हजारांचा फरक. सरकीपासून तेल ही निर्मिती आहे यात वादच नाही, म्हणून हे साठ हजार आधीच हिशेबात धरून ढेपेचा भाव काढला पाहिजे. कंपोझिशनवाला हा कर बिलात वेगळा लावून गिऱ्हाइकाकडून घेऊ शकत नाही, हेही ध्यानात ठेवा.

डाळीचं थोडं वेगळं. सुट्या डाळीवर जीएसटी नाही. १८ जुलै २०२२ पासून आधीच पॅक केलेल्या आणि लेबल लावलेल्या, २५ किलोपर्यंतच्या पाकिटावर ५ टक्के आहे. इथं निर्मिती झाली की नाही हा प्रश्नच नाही, पाकीट आणि लेबल हाच प्रश्न. म्हणून तर तेव्हापासून बाजारात २६ आणि ३० किलोचे कट्टे निघाले. बचत गटांनी आपलं नाव छापून एक-एक किलोची पाकिटं केली की ती या नियमात येतात. फक्त मालच विकत असाल तर नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख आहे, त्याच्या आत असाल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. बऱ्याच गटांना हे सांगायलाच कोणी जात नाही, आणि ते उगीच घाबरून लेबल लावत नाहीत.

शेतकरी म्हणून वावरात पिकवलेला माल विकायला नोंदणी लागत नाही, उलाढाल कितीही असो. तूर विकली, कापूस विकला, संत्रा विकला, प्रश्न नाही. कापूस जिनवाल्याला विकला तर त्यावरचा ५ टक्के कर जिनवाला स्वतः भरतो, नोव्हेंबर २०१७ पासून. शेतकऱ्याच्या पट्टीतून तो कापायचा नाही. कोणी 'जीएसटी' म्हणून कटती दाखवली तर विचारा कोणत्या नियमानं. पण त्याच तुरीची डाळ करून विकायला लागलात की वावरातलं पीक विकणारा शेतकरी ही सूट तिथं टिकेलच असं धरून चालू नका, उलाढालीची मर्यादा बघा. प्राप्तिकरातही हीच रेघ आहे : पीक बाजारात नेण्यालायक करण्याची नेहमीची प्रक्रिया शेती उत्पन्नात, त्यापुढची मिळकत धंद्यात.

दुसऱ्याची तूर घेऊन दळून द्यायची आणि मजुरी घ्यायची, हे अजून वेगळं. तिथं माल तुमचा नाहीच, तुम्ही सेवा देता. धानाचा तांदूळ करून देण्याबाबत केंद्रानं नोव्हेंबर २०१७ मध्येच स्पष्ट केलं की ती शेतीची माफ सेवा नाही, कारण मालाचं मूळ रूप बदलतं. डाळीला तोच तर्क लागू पडतो. पण फक्त सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या मजुरीपर्यंत नोंदणी नाही. गावातली मिनी दाल मिल मजुरीवर २० लाख ओलांडेल अशी शक्यता फार कमी.

शंका असेल तर

आपला माल कोणत्या बाजूचा हे कळत नसेल तर आधी तालुक्याच्या कर सल्लागाराला किंवा सीएला विचारा, आणि विचारताना प्रक्रिया पायरी-पायरीनं सांगा. "मसाल्याचा धंदा आहे" एवढ्यावर कोणी नीट उत्तर देऊ शकत नाही. वाळवता का, उकळता का, दळता का, मिसळता का, पाकीट किती किलोचं, त्यावर नाव छापता का, हे सगळं लागतं. रक्कम मोठी असेल तर अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडं अर्ज करता येतो. केंद्र आणि राज्य मिळून १० हजार रुपये फी. तो निर्णय अर्ज करणाऱ्यावर आणि त्याच्या अधिकाऱ्यावरच बंधनकारक असतो. म्हणून शेजारच्या मिलवाल्याला मिळालेला निर्णय मोबाईलवर फॉरवर्ड आला तर त्यावर आपला धंदा उभा करू नका.

नोटीस आली तर ती पोर्टलवर येते. कागद घरी येईलच असं नाही, म्हणून ज्यांची नोंदणी आहे त्यांनी आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघत जा. उत्तर किती दिवसांत द्यायचं ते नोटिशीत लिहिलेलं असतं. उत्तरात प्रक्रियेचं वर्णन, खरेदी-विक्रीची बिलं आणि बाजार समितीच्या पावत्या जोडा. माल बाजारात कोणत्या नावानं घेतला आणि कोणत्या नावानं विकला हे त्या पावत्यांवर छापलेलं असतं, आणि १९६२ पासून कोर्ट सगळ्यात आधी तेच बघत आलं आहे.